दुष्काळातील पोरकी मुले आणि घाटावरची गावे

बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनच्या बालगृहांची सुरुवात दुष्काळात झाली. १८९६-९७ च्या अवर्षणातून वऱ्हाड जेमतेम सावरत होते, तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. ज्वारी करपली, कपाशी उभी वाळली, विहिरींचा तळ दिसू लागला. विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला हा दुष्काळ पश्चिम आणि मध्य भारतात 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून ओळखला गेला. १८९१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती, ती १९०१ मध्ये ४ लाख २३ हजारांवर आली. त्या वेळी जिल्ह्यात चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तीनच तालुके होते. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले ते १९०५ च्या फेररचनेत. दहा वर्षांत तीन तालुक्यांतून साठ हजारांच्या आसपास माणसे कमी झाली. त्यातली काही पोटासाठी परमुलखात गेली, पण बरीचशी उपासमार, पटकी आणि तापाने गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न गावापुढे होता आणि सरकारपुढेही.

अमेरिकेतील एक लहानशी मिशनरी तुकडी त्या वेळी बुलढाण्यात नुकतीच आली होती. न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क भागातील काही स्वतंत्र मंडळ्यांनी मिळून 'असोसिएशन ऑफ पेन्टेकोस्टल चर्चेस' नावाची संघटना उभारली होती. तिचे पहिले मिशनरी एम. डी. वुड, त्यांच्या पत्नी अ‍ॅना, कॅरी टेलर, लिलियन स्प्रेग आणि फ्रेड वायली १८९८ च्या जानेवारीत मुंबईला उतरले. काही काळ इगतपुरीस काढून त्यांनी बुलढाणा गाठले. मलकापूर स्थानकावर आगगाडी सोडायची आणि पुढे बैलगाडीने घाट चढायचा, असा तो रस्ता होता. जिल्ह्याचे दोन भाग इथले लोक आजही 'घाटाखाली' आणि 'घाटावर' या शब्दांनीच सांगतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, रेल्वे, कापसाचे बाजार आणि जिनिंगचे कारखाने होते. घाटावर अजिंठ्याच्या रांगेलगतचे पठार, हलकी जमीन आणि एकमेकांपासून दूर पसरलेली गावे होती. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असले तरी थंड हवेचे, कचेऱ्यांचे लहान गाव होते. व्यापार खामगावला होता. मिशनने निवडलेली ही जागा पुढच्या साऱ्या कामाला वळण देणारी ठरली, कारण घाटावर गावांपर्यंत पोहोचायचे तर पायी किंवा बैलगाडीनेच जावे लागे.

वऱ्हाडात हे लोक पहिले नव्हते. अल्बर्ट नॉर्टन यांनी १८७० च्या दशकातच एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, काम सुरू केले होते. त्याच काळात जेनी फ्रो ही तरुणी तिथे आली. पुढे मार्कस फुलर यांच्याशी विवाह झाल्यावर ती अकोल्यास स्थिरावली. फुलर दांपत्याभोवती जे काम वाढले ते 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेचे झाले. मराठी मुलखात पुढे ते 'अलायन्स मराठी मिशन' म्हणून ओळखले गेले. दुष्काळात अलायन्सने अकोल्यास मुलांचे आणि खामगावास मुलींचे अनाथगृह उघडले. नॉर्टन यांनी वऱ्हाड सोडल्यानंतर दौंड येथे मुलांचे गृह चालवले. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये याच वर्षांत मुलींची संख्या शेकड्यांनी वाढत होती. १८९६-९७ मध्ये रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरून दुष्काळग्रस्त मुली घेऊन आल्या होत्या. वुड यांच्या तुकडीने चालवलेले बुलढाण्याचे बालगृह या साखळीतली एक लहान कडी होती. पैसा बहुतांशी समुद्रापलीकडून येई. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली आणि १९०० मध्ये 'किटो' नावाच्या जहाजातून मक्याचा साठा मुंबईला आला. एका मुलाच्या वर्षभराच्या पोषणाचा खर्च अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाने उचलायचा, ही पद्धतही तेव्हाच रूढ झाली.

मुले मिशनपर्यंत कशी येत, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढे गावांशी जे नाते घडले किंवा बिघडले त्याचे मूळ तिथे आहे. सरकारच्या दुष्काळसंहितेप्रमाणे धडधाकट माणसांना खडी फोडण्याच्या, रस्ते आणि तलाव बांधण्याच्या कामावर घेत. अशक्तांसाठी अन्नछत्रे आणि गरीबखाने असत. कामावर आलेले आईबाप पटकीने गेले की मुले छावणीतच राहत. नातेवाईक शोधायचे, ते न मिळाल्यास त्या धर्माच्या कोणा संस्थेकडे किंवा गृहस्थाकडे मूल सोपवायचे आणि कोणीच पुढे आले नाही तर मिशनकडे द्यायचे, असा सरकारी क्रम होता. घाटावरच्या गावांत हिंदू अनाथाश्रम नव्हतेच, त्यामुळे व्यवहारात तो क्रम लवकर संपे. काही मुलांना त्यांची आईच आणून सोडी. एका मुलाला पोसण्याची ताकद उरली नाही, दुसरे तरी जगावे, एवढाच हिशेब तिच्यापुढे असे.

या व्यवस्थेला देशभर विरोध झाला आणि तो निराधार नव्हता. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून हिंदू अनाथांसाठी चळवळ उभी केली. आर्य समाजाने मध्य प्रांत आणि राजपुतान्यातून मुले उचलून पंजाबातल्या अनाथाश्रमांत नेली. लजपतरायांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. महाराष्ट्रात त्याआधीचे उदाहरण फार वेगळे होते. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक सहकाऱ्यांसह धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. तिथे मुलाचा धर्म बदलत नव्हता आणि गावही सुटत नव्हते. त्या प्रयत्नाला वऱ्हाडात कोणी मोठे रूप दिले असते तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. तसे घडले नाही. मुले जगवण्याचे काम ज्यांनी केले त्यांनी ती आपल्या धर्मात वाढवली, आणि ज्यांना हे खुपले त्यांतल्या फार थोड्यांनी त्या मुलांना घरात घेतले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी झाकता येत नाही.

बालगृहात आलेल्या मुलाची पहिली काही महिन्यांची लढाई शरीराशी असे. दीर्घ उपासानंतर एकदम भरपेट जेवण दिले तर मूल दगावते, म्हणून पातळ पेज, मग मऊ भात, मग भाकरीचा तुकडा असे टप्प्याने न्यावे लागे. खरूज, आव आणि डोळे येणे हे नेहमीचे आजार होते. नारू तर घाटावरच्या विहिरींतूनच येई. वाचलेल्या मुलांचा दिवस ठरलेला असे. पहाटे प्रार्थना, मग दळण, पाणी आणि झाडलोट, त्यानंतर मराठी बाराखडी, उजळणी आणि बायबलचे पाठ. मुलांना शेतीचे किंवा हातकामाचे आणि मुलींना शिवणकामाचे शिक्षण द्यायचे, हा तेव्हाच्या सर्वच मिशन बालगृहांचा रिवाज होता. शिक्षणाची भाषा मराठी होती, याचा परिणाम दूरवर गेला. इंग्रजी शाळेत घडलेला मुलगा शहराकडे गेला असता. मराठी वाचता-लिहिता येणारा, गळ्यात भजन असलेला मुलगा परत खेड्यात जाऊ शकत होता.

मात्र सुरुवातीला गाव त्याला परत घेत नव्हते. मिशनच्या आवारात जेवलेले मूल बाटले, ही समजूत पक्की होती. दुष्काळ ओसरल्यावर एखादा चुलता किंवा मामा चौकशीला आला तरी जातपंचायतीच्या धाकाने मुलाला घरी नेणे त्याला अवघड जाई. अशा रीतीने बालगृहाने मुलाचा जीव वाचवला आणि त्याच वेळी त्याचे गोतही सुटले. आवाराच्या कुंपणाआत एक नवी 'जात' तयार होऊ लागली होती. तिच्यात लग्ने आपापसांत किंवा खामगाव-अकोल्याच्या अनाथगृहांतल्या मुलामुलींशीच जुळवावी लागत. वऱ्हाडातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचे नातेसंबंध वेगवेगळ्या गावांत आणि मिशनांत पसरलेले दिसतात, त्याचे कारण या लग्नांत आहे.

१९०४ मध्ये वुड दांपत्य अमेरिकेतून नवे सहकारी घेऊन परतले. त्यांत कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताचा लेटन ट्रेसी हा तरुण होता आणि गर्ट्रूड पेरी ही तरुणी होती. दोघांचा पुढल्या वर्षी विवाह झाला. ते मराठी शिकत होते, तेवढ्यात बुलढाण्याचे मिशन फुटले. पाठवणाऱ्या संघटनेशी वुड यांचे मतभेद विकोपाला गेले आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला. ते एकटे गेले नाहीत. बालगृहातली मुलेही त्यांच्याबरोबर गेली. सात-आठ वर्षे जे काम म्हणजेच 'मिशन' होते ते एका झटक्यात बुलढाण्यातून उठले. मागे राहिल्या त्या इमारती, थोडी जमीन आणि पुरती भाषाही न येणारे नवखे लोक. आईबाप एकदा गमावलेल्या त्या मुलांचे घर दुसऱ्यांदा हलले, आणि ते मोठ्यांच्या भांडणापायी हलले. या प्रकरणातली सर्वांत क्लेशकारक बाब तीच आहे.

बुलढाण्याच्या कामाची दिशा बदलली ती या फुटीनंतर. तोपर्यंत गाव बालगृहाकडे येई, तेही संकटात. आता ट्रेसी दांपत्याला गावांकडे जावे लागले. अमेरिकेत त्यांची मूळ संघटना १९०७ मध्ये शिकागो येथे दुसऱ्या एका मंडळीशी एकत्र आली आणि १९०८ मध्ये टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे 'चर्च ऑफ द नाझरीन'चे रूप पुरे झाले. तेव्हापासून बुलढाण्याचे मिशन नाझरीन मिशन झाले. या संस्थेच्या जगभरच्या मिशनकार्याचे प्रमुख हायरम रेनॉल्ड्स १९१४ च्या दौऱ्यात भारतातही आले होते.

गावांकडे जाण्याचा हंगाम हिवाळ्याचा. पावसाळ्यात घाटावरचे ओढे-नाले गाड्या अडवत आणि चैत्र-वैशाखात ऊन सोसवत नसे. दिवाळी उरकली, ज्वारीची राखण सुरू झाली की तंबू बाहेर निघत. दोन-तीन बैलगाड्यांवर तंबू, कंदील, पाण्याच्या घागरी, पीठमीठ, पुस्तकांची पेटी आणि औषधांची पेटी लादून मंडळी निघे. मुक्काम शक्यतो आमराईत आणि विहीर जवळ पाहून पडे. तिथून चहूकडची गावे पायी करायची, ती संपली की तळ पुढे हलवायचा. सकाळी बहुधा गावाबाहेरच्या वस्तीत सभा भरे. पेटी, टाळ आणि ढोलकीवर भजन सुरू झाले की आधी पोरे जमत, मग बायका आपापल्या दारांतून ऐकत आणि पुरुष सर्वांत शेवटी येत. भाषण लांबले तर माणसे शेतावर निघून जात, म्हणून अनुभवी मराठी प्रचारक गोष्टीवरच भर देत. उधळ्या पुत्राची गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नसे. वाटणी मागणारा धाकटा मुलगा त्याने पाहिलेला असे.

ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच रुजवली होती. नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि पदांनी तिला मराठी गोडवा दिला. वऱ्हाडच्या खेड्यात भाषणापेक्षा हे गाणे अधिक खोल गेले, कारण गाव हरिपाठाच्या चालीवर वाढलेले होते. आठवडी बाजार हे दुसरे ठिकाण. शुभवर्तमानांच्या पातळ पुस्तिका तिथे नाममात्र किमतीला विकत. फुकट वाटलेला कागद पुडीला जातो आणि पैसा देऊन घेतलेले पुस्तक घरात राहते, हे विक्रेत्यांना अनुभवाने कळलेले होते.

औषधांच्या पेटीभोवतीची गर्दी मात्र सभेपेक्षा मोठी असे. क्विनाइन, गंधकाचे मलम, डोळ्यांत घालायचे औषध, जखम धुण्याचे औषध आणि पट्ट्या एवढाच तिच्यातला ऐवज होता. जवळचा सरकारी दवाखाना तालुक्याला असे. हिवतापाने कुडकुडणाऱ्या मुलाला दिलेली क्विनाइनची मात्रा आणि त्यानंतर उतरलेला ताप हीच ओळख अनेक घरांना पुरेशी होती. बायकांपर्यंत पोहोचायचे काम बायबल-स्त्रिया करत. या बहुधा विधवा किंवा मिशनच्या बालगृहांत वाढलेल्या मराठी स्त्रिया असत. त्या घरात शिरत, दळता-कांडता बोलत, शिवणाचा टाका दाखवत आणि बाळंतिणीची विचारपूस करत. गोऱ्या बाईपुढे न उघडणारे तोंड त्यांच्यापुढे उघडे. मिशनच्या अहवालांत परदेशी नावे ठळक येतात, पण गावाशी बोलणे ज्यांनी केले त्या या स्त्रिया होत्या.

कोणी धर्म स्वीकारलाच तर तो प्रामुख्याने महार आणि मांग वस्तीतून. उच्चवर्णीयांतून येणारा एखादा अपवादच. अस्पृश्य कुटुंबासाठी हा निर्णय धर्मापुरता नव्हता. महारकी वतन, बलुत्याचे धान्य, येसकराची भाकरी, पाटलाच्या शेतातली मजुरी या साऱ्या गोष्टी गावाच्या रोषावर अवलंबून असत. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे बलुते बंद होऊ शके. त्या बदल्यात मिशनजवळ देण्यासारखे फारसे नव्हते. होती ती मुलांसाठी शाळा.

यातून बालगृहाचे दुसरे रूप उभे राहिले. आता आवारात येणारी मुले केवळ पोरकी नव्हती. घाटावरच्या खेड्यांतून नव्याने ख्रिस्ती झालेल्या आणि इतरही गरीब कुटुंबांची मुले वसतिगृहात राहून शिकू लागली. त्यांना सुटीत जायला घर होते, आणि बालगृहाच्या पहिल्या पिढीपेक्षा ही पिढी वेगळी झाली ती एवढ्या एका गोष्टीने. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत गावी गेलेला मुलगा आजीला पत्र वाचून दाखवी, सावकाराच्या वहीतला आकडा तपासून पाही, धाकट्या भावाच्या खरजेला मलम लावी. गाव आणि आवार यांच्यामध्ये ये-जा सुरू झाली. बुलढाण्याला मुलींची शाळा होती. चिखलीचे वसतिगृह आणि शाळा पुढे या कामाचे मोठे केंद्र बनले. शिकून बाहेर पडलेल्यांतून मास्तर, परिचारिका आणि पाळक तयार झाले. परदेशी मिशनरी हिवाळ्यात येऊन जात. हा मास्तर मात्र गावातच राही, आणि गावाने अखेर विश्वास ठेवला तो त्याच्यावर.

१९१८ चा इन्फ्लुएंझा, १९३० नंतरची जागतिक मंदी आणि अमेरिकेतून आटलेला निधी यांनी काम अनेकदा आखडले. तरी १९३० च्या दशकात क्षेत्र वाढले ते पूर्वेकडे. वाशिमचा भाग मेथडिस्ट मिशनकडून नाझरीन मिशनकडे आला. १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर ही तरुण अमेरिकन डॉक्टर आली आणि १९३८ मध्ये वाशिमला जुन्या शाळेच्या इमारतीत रुग्णालय सुरू झाले. त्याला हायरम रेनॉल्ड्स यांचे नाव दिले गेले. बैलगाडीतल्या औषधपेटीची जागा शस्त्रक्रियागृहाने घेतली. बाळंतपणात अडलेल्या बाया दूरच्या खेड्यांतून तिथे येऊ लागल्या. रुग्णालयाला जोडून परिचारिकांचे शिक्षण सुरू झाल्यावर वसतिगृहांत वाढलेल्या मुलींना मानाचा आणि पगाराचा व्यवसाय मिळाला. ज्या घरांच्या विहिरीवर या मुलींच्या आज्यांना पाणी भरू दिले जात नव्हते, त्याच घरांतल्या बाया आता त्यांच्या हातून औषध घेत होत्या.

स्वातंत्र्यानंतर या साऱ्या कामाची तपासणी झाली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने एप्रिल १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा प्रमुख उद्देश आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, अशा शिफारशी समितीने १९५६ मध्ये केल्या. समितीची भाषा कठोर होती आणि ख्रिस्ती समाजाने तिला विरोध केला. तरी भुकेल्याला दिलेले अन्न आणि आजाऱ्याला दिलेले औषध यांच्यासोबत धर्म येऊ लागला की स्वेच्छा कुठे संपते, हा समितीने उभा केलेला प्रश्न छप्पन्नच्या दुष्काळापासूनचाच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि त्या अहवालाचा या भागाशी असलेला प्रशासकीय संबंध तुटला.

गावांतील परिस्थितीवर त्याहून खोल परिणाम झाला तो त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात घडलेल्या घटनेचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि विदर्भातला महार समाज मोठ्या संख्येने त्यांच्या मागे गेला. मिशनला पन्नास वर्षे जो समाज सर्वांत जवळचा होता, त्याला मानाचा स्वतःचा मार्ग मिळाला. तिथून पुढे ख्रिस्ती वसतिगृहे धर्मप्रसाराचे दार म्हणून मागे पडत गेली आणि गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून अधिक ओळखली जाऊ लागली. परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटली. मंडळ्यांचा आणि शाळांचा कारभार मराठी माणसांच्या हाती आला. वाशिमच्या रुग्णालयाने खेड्यांत जाऊन आरोग्यशिक्षण आणि लसीकरण करण्याचे काम हाती घेतले.

बालगृहांवर सरकारी देखरेख १९६० च्या अनाथालयविषयक केंद्रीय कायद्याने आली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार आता प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. मूल संस्थेत ठेवायचे की नाही हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो, आणि मुलाला कुटुंबात परत नेण्याचा प्रयत्न आधी करावा लागतो. म्हणून आजच्या बालगृहाच्या कार्यकर्त्याला गावात जावे लागते ते मुलाचे घर शोधायला, चुलत्या-मामाशी बोलायला आणि शाळेतला दाखला मिळवायला.